पाऊस थांबला तरी सॅटेलाइट नेट परत येत नाही: काय आधी तपासायचं, कुठे थांबायचं

आंबोली, चौकुळ, गेळे आणि पलीकडे चंदगडच्या बाजूला असलेल्या वाड्यांवर सॅटेलाइट नेटच्या जोडण्या सांभाळायचं काम मी करतो. होमस्टे, शाळा, घरून नोकरी करणारी माणसं अशी गिऱ्हाइकं. मृग लागला की फोन सुरू होतात ते दसऱ्यापर्यंत. तक्रार जवळपास त्याच शब्दांत येते: "पाऊस इलो की नेट जाता, आणि पाऊस गेलो तरी येणा नाय."

यातल्या पहिल्या अर्ध्या भागावर घरात बसून उपाय नाही. आपल्याकडच्या घरगुती आणि छोट्या व्हिसॅट (छोट्या तबकडीने थेट उपग्रहाशी बोलणाऱ्या) जोडण्या बहुतेक केयू बँड या लहरींच्या पट्ट्यावर चालतात. वर जाणारी लहर १४ गिगाहर्ट्झच्या आसपासची, खाली येणारी ११-१२ ची. म्हणजे लहरीची लांबी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर. घाटावरचा जाड थेंबांचा पाऊस ती शोषून घेतो. मोडेम आधी वेग कमी करून तग धरतो आणि मग सोडतो. जोराची सर असेपर्यंत नेट जाणं हे धरूनच चालायचं.

पण सर ओसरल्यावर पाच-दहा मिनिटांत ते आपोआप परत यायला हवं. आलं नाही तर बिघाड आहे, आणि तो शोधता येतो. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेक बिघाड वीज, राउटरचं सेटिंग आणि केबलचं टोक या तीन जागी निघाले. लोक मात्र सगळ्यात आधी शिडी लावून तबकडी हलवतात आणि चालू असलेली एकमेव गोष्ट बिघडवून ठेवतात.

लक्षणं ओळखा

तुमच्याकडे यातलं नक्की काय होतंय ते आधी बघा. पुढचा रस्ता त्यावर ठरतो.

- फोनवर वायफायच्या कांड्या पूर्ण दिसतात, पण एकही पान उघडत नाही.
- सर थांबून अर्धा तास झाला. मोडेमचा रिसीव्हचा (उपग्रहाकडून येणाऱ्या सिग्नलचा) दिवा स्थिर आहे, ट्रान्समिटचा (वर जाणाऱ्याचा) लुकलुकतोय.
- लाईट गेली किंवा आली की दर वेळी पाच-दहा मिनिटं नेट गायब. पावसाचा संबंध नाही.
- सॅटेलाइट पडलं तर म्हणून ठेवलेल्या बॅकअपच्या सिमवर फोन जोडला तर नेट मिळतं, पण राउटर आपणहून तिकडे वळत नाही. किंवा दर दोन मिनिटांनी इकडून तिकडे उड्या मारतो.
- व्हॉट्सॲप चालतं, बाकी काही चालत नाही.
- महिन्याच्या सुरुवातीला वेग चांगला, वीस तारखेनंतर रखडत चालतं.
- मार्चच्या मध्याला किंवा ऑक्टोबरच्या तोंडावर, भर उन्हात, दुपारी रोज त्याच वेळेला काही मिनिटं जातं.

शेवटचं लक्षण असेल तर काहीही करू नका. वर्षातून दोनदा सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि सूर्याच्या रेडिओ गोंगाटात उपग्रहाचा क्षीण सिग्नल बुडतो. इस्रोचा जीसॅट-११ हा ५ डिसेंबर २०१८ ला कुरूहून सोडलेला उपग्रह ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे, आणि आंबोलीचं रेखांशही जवळपास तेच. त्यामुळे त्याच्याकडे लावलेल्या इथल्या तबकड्या सरळ दक्षिणेला बघतात. सूर्य त्या रेषेत येतो तो १३ मार्च आणि ३० सप्टेंबरच्या आगेमागे, दुपारी साडेबाराच्या सुमारास. काही दिवस, रोज थोडी मिनिटं. दुसऱ्या उपग्रहावरची जोडणी असेल तर वेळ बदलेल, पण रोज घड्याळ लावल्यासारखं जाणं ही खूण तीच राहील.

फुकटात होणारी पहिली तपासणी: वही

मोडेमशेजारी शंभर पानी वही दोरीने टांगा. नेट गेलं की तारीख, वेळ, पाऊस होता का, लाईट गेली होती का, कोणता दिवा कसा होता, एवढं लिहायचं. आठ दिवसांच्या नोंदी बघितल्या की अर्धा तपास होऊन जातो. "सारखं जातं" या तक्रारीवर कुणालाच काही करता येत नाही. "लाईट गेली की जातं" असं म्हटलंत तर बिघाडाचं घर सापडलं.

त्याच वहीच्या पहिल्या पानावर स्वच्छ हवेतला सिग्नलचा आकडा लिहून ठेवा. बहुतेक मोडेमच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा मोडेमवर चिकटवलेला पत्ता टाकल्यावर, सिग्नलची गुणवत्ता दिसते. जानेवारीतला हा आकडा जुलैत सोन्यासारखा उपयोगी पडतो. तो नसेल तर आजचा आकडा चांगला की वाईट हे कळायला मार्गच उरत नाही.

बंद-चालू, पण क्रमाने

मोडेम आणि राउटर दोन्ही बंद करा. एक मिनिट थांबा. आधी फक्त मोडेम चालू करा आणि त्याचे सगळे दिवे स्थिर होईपर्यंत हात बांधून बसा. दहा मिनिटंही लागतात. मगच राउटर. दोन्ही एकदम चालू केले तर राउटर आधी जागा होतो, मोडेमकडे पत्ता मागतो, मोडेम अजून उपग्रह शोधत असतो, आणि काही राउटर एकदा नकार मिळाल्यावर पुन्हा लवकर मागत नाहीत. पाऊस गेल्यावरही नेट न येण्याचं हे अगदी साधं कारण मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

मोडेमच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका. काही मोडेममध्ये त्याने कंपनीने भरलेली माहिती पुसली जाते. मग ती परत भरायला माणूसच यावा लागतो.

नेट नक्की कुठून येतंय?

लॅपटॉप केबलने थेट राउटरला लावा, वायफाय बंद करा, आणि कमांडच्या खिडकीत पिंग ८.८.८.८ हा आदेश द्या. ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता; तिथे निरोप जाऊन उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते समोर येतं, ते आकडे बघा.

सहाशे-सातशेच्या घरात असतील तर नेट उपग्रहावरून येतंय. हे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तुमचा निरोप वर, खाली, उत्तर पुन्हा वर, खाली, असे चार टप्पे. सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटरचा हा प्रवास प्रकाशाच्या वेगानेही अर्ध्या सेकंदाच्या आत-बाहेरच होतो, वरचा वेळ यंत्रांचा. आकडे चाळीस ते शंभरमध्ये असतील तर तुम्ही सिमवर आहात. काहीच येत नसेल तर दोन्ही रस्ते बंद. (परदेशातल्या नातेवाइकांकडे स्टारलिंक असेल तर ही खूण त्यांना लागू नाही. ते उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, पिंग सिमच्या नेटइतकाच येतो.)

केबलवर सगळं नीट आणि वायफायवर रखडत असेल तर उपग्रहाचा काही दोष नाही. आपल्या घरांच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, दीड-दीड फूट जाड, आणि पावसाळ्यात ओल्या. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय एका भिंतीपलीकडे नीट जात नाही. २.४ वर जोडून बघा. मागच्या पडवीत हवंच असेल तर लॅनची केबल ओढून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) लावा. सिग्नल वाढवणारे स्वस्त रिपीटर वेग निम्मा करतात, त्यावर पैसे घालू नका. दोन वेगळ्या इमारतींमध्ये मात्र तांब्याची लॅन केबल उघड्यावरून नेऊ नका, फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (लॅन आणि फायबर जोडणारे डबे) वापरा. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे एका इमारतीवर पडलेली वीज दुसरीतलं सामान जाळत नाही.

डेटा कोण खातंय

वीस तारखेनंतर वेग पडतो म्हणजे बहुतेक वेळा ठरलेला डेटा संपून कंपनीने वेग उतरवलेला असतो. त्याचा माग घरातल्या फोनकडे जातो. होमस्टेवर शनिवारी आठ पाहुणे येतात, आठही फोन वायफाय मिळाल्याबरोबर धबधब्याचे व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागतात. ४ जीबीचा एक व्हिडिओ २ एमबीपीएस अपलोडवर चढायला साडेचार तासांच्या आसपास लागतात, आणि तेवढा वेळ घरातल्या बाकी सगळ्यांचं नेट गुदमरतं.

फोनमध्ये त्या वायफायला मीटर्ड (म्हणजे डेटा मोजून वापरायचं नेट) ठरवा, लॅपटॉपमध्येही. फोटोंचा आपोआप बॅकअप बंद करा. पाहुण्यांना वेगळं गेस्ट नेटवर्क द्या आणि राउटरमध्ये त्याचा अपलोड बांधून टाका. फोटो आणि हिशेबाच्या फायलींचा बॅकअप घरातल्या दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्या, आलटून पालटून, आणि एक डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. उपग्रहावरून रात्री पाठवायचे ते फक्त कामाचे कागद. सावंतवाडीला किंवा कोल्हापूरला बाजारासाठी जाणं होतंच, मोठ्या फायली तिथे फायबरवर चढवाव्यात.

वीज: इथे थांबून नीट बघा

चौकुळच्या एका होमस्टेवरून दोन महिने फोन येत होते. कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला, प्रत्येक वेळी सिग्नल उत्तम मिळाला आणि तो सही घेऊन परत गेला. मी गेलो तेव्हा मोडेमसमोर स्टूल टाकून बसलो आणि काकांना म्हटलं, मेन स्विच पाडा. त्यांनी पाडला. डोक्यावरचा बल्ब एकदा मिचकला, पंख्याचा वेग कमी झाल्याचंही जाणवलं नाही. पण मोडेमचे चारही दिवे क्षणभर एकदम पेटले, आणि मग एकेक विझत गेले. तो नव्याने सुरू होत होता. लाईट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतचा तो डोळ्याच्या पापणीएवढा वेळ बल्बला आणि पंख्याला जेमतेम कळतो, मोडेमला मात्र पाडतो. आणि मोडेम एकदा पडला की उपग्रह शोधून परत उभा राहायला त्याला पाच-दहा मिनिटं लागतात. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट दिवसातून दहा वेळा जाते. पाऊस येणं आणि लाईट जाणं एकत्र होतं म्हणून दोष पावसावर जातो.

ही चाचणी तुम्हीही करा, फुकट आहे. स्वच्छ हवेत, पाऊस नसताना करा, म्हणजे निकालात गोंधळ होणार नाही.

मोडेम पडत असेल तर इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असतं, ते यूपीएसवर करा. बदल लवकर होतो. पण यात एक अडचण आहे आणि ती खेड्यातच येते. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर कमी व्होल्टेज खपवून घेत नाही. संध्याकाळी लाईनला १७० व्होल्ट मिळत असतील तर तो लाईट असूनही बॅटरीवरच चालत राहतो आणि रात्री दहाला बॅटरी बसते. चौकुळला नेमकं तेच झालं. शेवटी इन्व्हर्टर परत नॉर्मलवर ठेवला आणि फक्त मोडेम व राउटरसाठी कॉम्प्युटरला लावतात तसला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस बसवला. त्याला तास-तास चालवायचं नाही, मधला तो क्षण झाकायचा आहे. घरचा इन्व्हर्टर साईन वेव्हचा हवा. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची वीज बरेच यूपीएस स्वीकारत नाहीत आणि स्वतःच्या बॅटरीवर जाऊन थोड्या वेळात बंद पडतात.

राउटरसाठी बाजारात १२ व्होल्टचे मिनी यूपीएस मिळतात, ते राउटरला चांगले. सॅटेलाइट मोडेमला लावू नका. तबकडीवरच्या भागांनाही मोडेमच वीज पुरवतो, त्याचा ॲडाप्टर वेगळ्या आणि जास्त व्होल्टचा असतो.

बॅकअपचं सिम वेळेला का उपयोगी पडत नाही

दोन नेटचा राउटर आणला, एका पोर्टला सॅटेलाइट, दुसऱ्याला सिमचं डोंगल किंवा ४जी राउटर. पहिल्या पावसातच कळतं की तो वळतच नाही. यामागे चार कारणं असतात, एकाआड एक दडलेली.

पहिलं: पत्ते एकच. सॅटेलाइट मोडेमचा पत्ता १९२.१६८.०.१, आणि बाजारातल्या कितीतरी राउटरचाही तोच. एका वाडीत एकाच नंबरची दोन घरं असतील तर पोस्टमन काय करणार? राउटरच्या आतल्या बाजूचा पत्ता १९२.१६८.५०.१ करा, सिमच्या राउटरचा १९२.१६८.६०.१. तीन यंत्रं, तीन वेगळे पत्ते. पैसे लागत नाहीत.

दुसरं, आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारं: राउटर फक्त केबल जिवंत आहे का एवढंच बघतो. पावसात उपग्रह तुटतो, पण राउटर आणि मोडेममधली दोन फुटांची केबल जिवंतच असते. राउटरच्या दृष्टीने सगळं ठीक, म्हणून तो सिमकडे जात नाही. सेटिंगमध्ये लिंक डिटेक्शनऐवजी ऑनलाइन डिटेक्शन किंवा पिंग चेक निवडा आणि तपासायला दोन पत्ते द्या, ८.८.८.८ आणि १.१.१.१. दोन यासाठी की त्यातला एक काही कारणाने बोलला नाही तर राउटरने उगाच घाबरून जाऊ नये.

तिसरं या दुसऱ्यातूनच निघतं. पिंग चेकमध्ये उत्तराची वाट बघायचा मूळ वेळ काही राउटरमध्ये एक-दोन सेकंदांचाच असतो, तो शहरातल्या फायबरला धरून ठेवलेला. आपलं उत्तरच सहाशे-सातशे मिलिसेकंदांत येतं, पावसात त्याहून उशिरा. राउटरला वाटतं नेट मेलं, तो सिमवर जातो. पुढच्या क्षणी उत्तर येतं, तो परत येतो. प्रत्येक उडीला व्हिडिओ कॉल तुटतो. माझं ठरलेलं मोजमाप असं: उत्तराची वाट ४ सेकंद, दर १० सेकंदांनी एक तपासणी, सलग ४ चुकल्या तर सिमवर जा, आणि सलग १२ बरोबर आल्या तरच परत ये. म्हणजे जाताना मिनिटभर, येताना दोन मिनिटं. येताना घाई नको, कारण दोन सरींमधली उघडीप फसवी असते. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातल्या एमवॅन३ या दोन नेट सांभाळणाऱ्या भागात हे सगळं एकेक रकान्यात भरता येतं.

चौथं म्हणजे डीएनएस, साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता सांगणारी सेवा. सॅटेलाइट कंपनीने दिलेला डीएनएसचा पत्ता बरेचदा त्यांच्याच जाळ्यातून पोचतो. राउटर सिमवर वळला, पण नावं विचारायला जुन्याच दारात उभा. व्हॉट्सॲप चालतं आणि बाकी काही नाही, ते यामुळे. राउटरमध्ये डीएनएस हाताने ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा.

हे झालं की चाचणी म्हणून मोडेमचा विजेचा प्लग काढून बघू नका, त्याने राउटरकडची केबलच मरते आणि चाचणी खोटी होते. खरी चाचणी पहिल्या जोराच्या सरीत, पिंग चालू ठेवून. सातशेवरून "रिक्वेस्ट टाइम्ड आउट", मग साधारण मिनिटभराने साठ-सत्तर दिसले पाहिजेत.

एवढं करूनही सिम दगा देऊ शकतं, कारण लाईट गेली की काही तासांनी टॉवरचीही बॅटरी संपते. तुमच्या वाडीवर दोन कंपन्यांचे टॉवर दिसत असतील तर कोणता जास्त वेळ टिकतो हे वहीत लिहा आणि सिम त्याचं घ्या, वेग थोडा कमी असला तरी. डोंगराआड ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झचे बँड जास्त चांगले पोचतात, २३०० चा लवकर मरतो. राउटरच्या पानावर आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलचा जोर) उणे १०० च्या आसपास किंवा त्याहून बरं असेल तर काम भागतं. उणे ११५ च्या खाली गेलं असेल तर राउटर खिडकीत, माळ्यावर, घराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बघा. बाहेरच्या अँटेनावर खर्च त्यानंतर.

ऑफिसचं व्हीपीएन फक्त सॅटेलाइटवर रडत असेल तर तो बिघाड नाही. उपग्रहाचा उशीर लपवायला मोडेम आतल्या आत काही युक्त्या करतो, व्हीपीएनने सगळं बंद पाकिटात घातलं की त्याला ते करता येत नाही. तेवढं काम सिमवरून करा.

केबलचं टोक

इथपासून हत्यार लागतं. मोडेमचा प्लग काढा, मगच पुढे. चालू मोडेमची केबल सोडली तर आतून जाणाऱ्या विजेने ठिणगी पडून मोडेम जाऊ शकतो. आणि फक्त हाताला जमिनीवरून किंवा पडवीतून येणारं टोक बघा. छपरावर चढायचं नाही.

गेळ्याला एका घरी एफ कनेक्टरवर (केबलच्या टोकाच्या पेचाच्या जोडावर) कुणीतरी काळजीने प्लास्टिकची पिशवी बांधली होती, वर रबर. पिशवी सोडली तर आतून चमचाभर पाणी पडलं. पिशवी पाऊस अडवते, पण आतली वाफ बाहेर जाऊ देत नाही. कनेक्टर उघडला तर मधल्या तारेवर हिरवट काळा थर, जाळीची वायर ओल्या सुतळीसारखी. रिसीव्हचा दिवा तरीही स्थिर होता. मोडेमला ऐकू येत होतं, पण त्याचं बोलणं वर पोचायला जो जोर लागतो तो या टोकाशीच संपत होता. सर थांबली, ट्रान्समिट लुकलुकत राहिला, यातलं कोडं एवढंच.

असं दिसलं तर पुसून परत लावू नका. केबल मागे कापत जा, आतलं तांबं चकचकीत आणि जाळी कोरडी लागेपर्यंत. जाळी पाणी वातीसारखं ओढते, मी कधी कधी हातभर केबल टाकून दिली आहे. नवा कनेक्टर कॉम्प्रेशनचा, हाताने पिळायचा नको. वर ताणून गुंडाळायची, स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप. सिलिकॉन लावायचं असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातलं ॲसिड तांबं खातं. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्या, पाणी तिथे टपकेल, भिंतीत येणार नाही.

लांबून बघायच्या गोष्टी

दुर्बीण किंवा फोनचा झूम पुरे. तबकडीच्या हाताच्या टोकावर जो भाग आहे त्याच्या तोंडावर शेवाळ धरलंय का, गांधीलमाशीने किंवा कुंभारणीने घर केलंय का? वानरं तबकडीच्या हातावर बसतात, हात वाकलाय का? जानेवारीतला एक फोटो त्याच जागेवरून काढून ठेवला असेल तर शेजारी धरून बघा.

झाड बघताना एक चूक सगळे करतात. या तबकड्या ऑफसेट असतात. बघायला वाटतं ती समोर तिरकं वर बघतेय, प्रत्यक्षात तिची रेषा त्याहून वीस-बावीस अंश उंच जाते. ७४ अंशावरच्या उपग्रहासाठी आंबोलीतून ती रेषा क्षितिजापासून ७१ अंशांवर आहे, म्हणजे जवळपास डोक्यावर. समोरचं फणसाचं झाड निरपराध असतं, बाजूच्या जांभळीची वर झुकलेली फांदी अडवत असते. पावसाळ्यात पालवी वाढते आणि ओलं पान कोरड्याहून जास्त अडवतं. फांदी तोडायची तर तोडणाऱ्याकडून, आणि तबकडीवर पडणार नाही अशी.

इथे थांबा

पुढच्या कोणत्याही गोष्टीत कंपनीच्या माणसाला किंवा वायरमनला बोलवा.

तबकडी हललेली दिसली किंवा स्वच्छ आकाशात सिग्नलचा आकडा वहीतल्या आकड्यापेक्षा बराच खाली आहे. एक मीटरच्या तबकडीचा झोत दोन अंशांहून अरुंद असतो, तिची एक कड समोरच्या कडेच्या मानाने पावणेदोन सेंटिमीटर पुढे-मागे झाली की एक अंश गेला. ही तबकडी ऐकते तशी बोलतेही. चुकीच्या दिशेने बोललेलं शेजारच्या उपग्रहावर जाऊन दुसऱ्या कुणाची तरी सेवा बिघडवतं, म्हणून ती बसवताना मुख्य केंद्राशी बोलून तपासणी करावी लागते. घरच्या माणसाने पान्याने करायचं हे काम नव्हे. चालू असताना तिच्या तोंडासमोर उभंही राहू नका.

कनेक्टर कोरडे, वीज ठीक, आकाश निरभ्र, रिसीव्ह उत्तम, तरी ट्रान्समिट लागत नाही. मग वरचं प्रक्षेपणाचं यंत्र गेलेलं असू शकतं. ते उघडू नका, दुसरं बसवणं कंपनीचं काम.

जवळपास वीज पडली आहे. आपल्याकडे हे जास्त करून मे महिन्याच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात होतं. जळका वास आला, मोडेम गरम लागला, धातूच्या खांबाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर हात काढा, मेन स्विच पाडा, आणि अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या. तबकडीचं आणि घराचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं हवं. वेगवेगळं असेल तर दोन्हींमधला विजेचा फरक तुमच्या मोडेममधून वाट काढतो.

फोन करताना वही हातात घ्या. जोडणीचा नंबर, स्वच्छ हवेतला आकडा आणि आताचा आकडा, चारही दिव्यांची अवस्था, शेवटच्या पाच वेळा नेट कधी गेलं आणि तेव्हा लाईट होती का, लॅपटॉप थेट लावून पिंग काय आला. एवढं सांगितलंत तर येणारा माणूस योग्य सामान घेऊन निघतो. नाहीतर घाट चढून येतो, सिग्नल बघतो आणि परत जातो. छपरावरची केबल बदलायची असेल तर एप्रिलमध्येच सांगून ठेवा. जुलैत ओल्या कौलांवर कुणालाही चढवू नका, तो कितीही तयार असला तरी.